दहिसर नदीचा हरवलेला फोटो

बोरिवलीच्या पुलावर नाकाला रुमाल लावणाऱ्या पोरांना मी सांगतो, "अरे, तो नाला नव्हे, ती नदी आहे." पोरे हसतात. त्यांचा काय दोष? त्यांनी तिला नदीपणी पाहिलेच नाही.

राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून ती निघते आणि सुमारे 12 किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीस मिळते. एके काळी सिनेमावाले चित्रीकरणासाठी तिच्या काठी येत. जंगलात ती अजून निर्मळ आहे. वस्तीत शिरली की गोठ्यांचे शेण, कारखान्यांचे पाणी आणि घरोघरचा मैला तिच्या पदरी पडतो.

आई लग्न होऊन आली, तेव्हा धुणे नदीवरच असे. वडिलांनी उसना कॅमेरा आणून तिचा एक फोटो काढला होता : घोटाभर पाण्यात उभी, पदर खोचलेला, हातात पिळा, आणि खळखळून हसणारी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. आमची नदीही घरात शिरली. ट्रंकेतून फोटो काढला, तर हाती नुसता चिकट कागद आला. दोन वर्षांनी आई गेली. तिचे इतर फोटो आहेत. हसणारा एकही नाही.

जपानी छायाचित्रकार हाताकेयामा नाओया यांची हकिकत वाचली ती त्यानंतर. 1993-94 मध्ये त्यांनी तोक्योतील शिबुया नदीचे फोटो काढले. सिमेंटच्या भिंतींत कोंडलेली, इमारतींनी पाठ फिरवलेली ती नदी त्यांनी नाक न मुरडता पाहिली. आपल्या रिकुझेनताकाता गावचे, केसेन नदीकाठचे फोटोही ते स्वतःपुरते काढत असत. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत घर गेले, आई गेली. मग तेच घरगुती फोटो 'केसेनगावा' या पुस्तकात आले. जे सहज टिपले होते, तेच गावाचा इतिहास ठरले.

आपल्या नद्यांचे फोटो मात्र आपण पूर आला म्हणजेच काढतो. सुखाच्या दिवसांत तिच्याकडे पाहावयास सवड कोणाला?

वाचकहो, दिवाळीत माळा झाडताना जुना अल्बम निघाला, तर माणसांच्या मागे कोणते पाणी दिसते तेही पाहा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाठीमागे जागा व साल लिहून ठेवा. परवा मी पुलावर उभा राहून काळ्या पाण्याचा फोटो काढला. बाजूच्या मुलाने विचारले, "सर, यात काय आहे?"

मी म्हटले, "आमची आई इथे उभी होती."