कालबाह्य ब्राउझर आणि मानकाधारित संकेतस्थळे

ज्या ब्राउझरला उत्पादकाकडून सुधारणा मिळणे बंद झाले आहे, किंवा ज्या उपकरणावर तो आहे त्यावर नवी आवृत्ती चढत नाही, तो कालबाह्य ब्राउझर. एचटीएमएल, सीएसएस इत्यादी मानकांनुसार संकेतस्थळ बांधताना अशा ब्राउझरमधूनही मजकूर वाचता यावा आणि पानावरचे मुख्य काम पुरे व्हावे, यासाठी केलेली तजवीज या नोंदीत विचारात घेतली आहे. पान सगळीकडे हुबेहूब सारखे दिसावे, हा तिचा हेतू नसतो.

पार्श्वभूमी : वेबची मानके ठरवणारी डब्ल्यू३सी ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. तरीही नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांच्या चढाओढीत दोघांनी आपापली वेगळी वैशिष्ट्ये रेटली. मानके पाळली जावीत यासाठी १९९८ मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट ही चळवळ उभी राहिली. २००१ मध्ये आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ६ विंडोज एक्सपीसोबत घराघरांत आणि कचेऱ्यांत पोचला. त्याची पुढची आवृत्ती २००६ मध्ये आली, एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, पण दोन्ही त्यानंतरही वापरात राहिले.

मराठीतील प्रश्न : मराठी संकेतस्थळांपुढे मांडणीआधी अक्षराचा प्रश्न उभा राहिला. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरी होती. मात्र विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून आली, आणि एक्सपीवरही जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी वेगळी सोय चालू करावी लागे. तोवर संकेतस्थळे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फाँट वापरत. पानासोबत फाँट पाठवण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत इंटरनेट एक्सप्लोररपुरतीच होती, नेटस्केपची वेगळी. फाँट उतरला नाही, की बातमीच्या जागी रोमन अक्षरांचे गिचमिड दिसे. शोधयंत्रालाही त्यातून काही उमगत नसे. एका ब्राउझरच्या खास सोयीवर उभारलेला तो मजकूर ब्राउझरसोबतच कालबाह्य झाला. याउलट २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया आणि २००४ मधील मनोगत हे संकेतस्थळ यांचे युनिकोडमधील लेखन आजही कोणत्याही युनिकोड देवनागरी फाँटमध्ये वाचता येते.

युनिकोडमध्येही जुन्या-नव्याची अडचण उरते. हिंगोली जिल्ह्यातील साखरा या गावाचे नाव घ्या. ‘साखऱ्याचा’ लिहिताना लागणारा अर्धा ऱ दोन प्रकारे साठवता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा जुन्या रीतीने ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे. एका प्रकारे नोंदवलेले नाव दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणित रूपांतर हा भेद मिटवत नाही. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या फाँटमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. अर्ध्या ऱची दोन्ही रूपे शोधात एकच मानण्याची व्यवस्था मात्र मराठी संकेतस्थळाने स्वतः करावी लागते.

मोबाइलवर हेच पुन्हा घडले. साध्या फोनवर देवनागरी नसताना ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करून एक पर्याय बदलला, की मराठी मजकूर चित्ररूपात उमटत असे. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनच्या कायओएस या कार्यप्रणालीचा गाभा फायरफॉक्स ४८ चा होता. सीएसएस ग्रिड ही मांडणीची सोय फायरफॉक्समध्ये ५२ व्या आवृत्तीत आली. म्हणजे तो फोन नवा असतानाच त्यातला ब्राउझर मागे होता.

पद्धती : मुख्य पद्धत ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ ही. २००३ मध्ये स्टीव्ह चॅम्पियन आणि निक फिंक यांनी ती मांडली. आधी शुद्ध एचटीएमएलमध्ये पूर्ण मजकूर, त्यावर सीएसएसची सजावट, शेवटी जावास्क्रिप्टच्या सोयी, असा तिचा क्रम. तिला आधार आहे तो मानकांतल्याच एका नियमाचा : न कळलेला एचटीएमएलचा टॅग किंवा सीएसएसची ओळ ब्राउझर सोडून देतो आणि पुढे जातो. त्यामुळे ग्रिड न कळणाऱ्या जिओफोनवर पान एका स्तंभात ओघाने उतरते, आणि २.४ इंची पडद्याला तेच सोयीचे असते.

जावास्क्रिप्टला हा नियम लागू नाही. फाइलमध्ये ब्राउझरला अपरिचित अशी एक जरी वाक्यरचना आली तरी ती सबंध फाइल चालत नाही. ‘सादर करा’ हे बटण केवळ जावास्क्रिप्टवर विसंबून असेल, तर ते दिसते पण दाबल्यावर काहीच घडत नाही. तेच बटण एचटीएमएल फॉर्मचे असेल, तर अर्ज सर्व्हरकडे जातो आणि माहितीची तपासणी तिथे होते. नवी सोय वापरण्याआधी ती ब्राउझरला येते का, हे सीएसएसमधील ‘@सपोर्ट्स’ने विचारता येते. ब्राउझरचे नाव पाहून दार बंद करण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला.

सक्तीचा जुनेपणा : कधी संकेतस्थळच वापरणाऱ्याला जुन्या ब्राउझरला बांधून ठेवते. सरकारी ई-निविदांसाठी डिजिटल सही जावा ॲपलेटद्वारे करावी लागे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ती सोय काढली, तेव्हा निविदा भरणाऱ्यांना इंटरनेट एक्सप्लोररच जपावा लागला. तोही १५ जून २०२२ रोजी विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर निवृत्त झाला. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि निरनिराळ्या ब्राउझरमध्ये चाचणी त्यांना अपेक्षित आहे.

मर्यादा : सुरक्षिततेत तडजोड करता येत नाही. टीएलएस १.० आणि १.१ हे सुरक्षित जोडणीचे जुने प्रोटोकॉल प्रमुख ब्राउझरांनी २०२० मध्ये सोडले. सर्व्हरवर ते केवळ जुन्या ब्राउझरसाठी चालू ठेवणे म्हणजे सगळ्यांनाच धोक्यात घालणे होय. ॲनिमेशन, सजावटीचे फाँट, सरकते फलक हे जुन्या ब्राउझरवर खुशाल गळू द्यावेत. सातबारा पाहणे, दाखल्याचा अर्ज भरणे, निकाल वाचणे ही कामे मात्र गळता कामा नयेत. खासगी दुकान ग्राहक गमावण्याचा हिशेब करू शकते; सार्वजनिक सेवेला तो हक्क नाही, कारण तिथे येणाऱ्या नागरिकाला दुसरे दुकान नसते.