राहदारीची माफी

* राजघाट : बुऱ्हाणपूरचा तापीकाठचा घाट. सुरत-आग्रा व्यापारी वाटेवरचे हे शहर मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. लेखक जिचा उल्लेख करतो ती राहदारी म्हणजे वाटेने जाणाऱ्या मालावरचा कर. सुरत बंदरातली जकात निराळी. एकाच मालावर राहदारी हद्दीहद्दीत पुन्हा द्यावी लागे, आणि बोजा शेवटी गिऱ्हाइकावर पडे. गादीवर आल्यावर थोड्याच काळात औरंगजेबाने ती माफ केली. पण मोगल इतिहासकार खाफी खान स्पष्ट लिहितो की फौजदार आणि जहागीरदार वसुली करतच राहिले. फर्मान निघाले म्हणजे कर संपला, असे वाचकाने समजू नये.

कर खरोखर कसा संपतो याचे अलीकडचे उदाहरण कॅनडाच्या इमारती लाकडाचे आहे. अमेरिकेशी झालेल्या 2006 च्या कराराचा भंग झाल्यावरून लंडनच्या लवादाने 2009 मध्ये 6 कोटी 82.6 लाख कॅनेडियन डॉलरची भरपाई ठरवली. ओंटारियो, क्वेबेक, मॅनिटोबा आणि सास्काचेवान या प्रांतांच्या निर्यातीवर 10 टक्के जादा शुल्क लावून ती वसूल व्हायची होती. रक्कम ठरलेली असल्याने शुल्काचा शेवटही ठरलेला होता. राहदारीला असा हिशेब कधीच नव्हता. म्हणून पुढील प्रकरणातल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी माफीनंतरच्या असल्या, तरी त्या खऱ्या मानाव्यात. – संपादक