यरीहोच्या वाटेवर आडवे पडलेले तुम्ही

इ.स. 400चा सुमार. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो बंदरात तुम्ही बिशप ऑगस्टिन यांच्यासोबत लूकचं शुभवर्तमान वाचत बसला आहात. अडलं की तुम्ही विचारायचं, त्यांनी सांगायचं, लेखनिकानं उतरवून घ्यायचं. याच उत्तरांचं पुढे ‘शुभवर्तमानांविषयी प्रश्न’ हे पुस्तक होणार आहे.

दहावा अध्याय येतो. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या माणसाला लुटारू गाठतात. याजक आणि लेवी त्याला बघून पुढे निघून जातात, पण यहुद्यांना परका असलेला शोमरोनी थांबतो आणि त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. शोमरोन्यासारखं वागावं, एवढंच तर तिच्यात आहे. तरी तुम्ही विचारता, वाटेत पडलेला तो कोण?

आदाम, असं उत्तर मिळतं. म्हणजे त्याची सगळी लेकरं, तुम्हीसुद्धा.

मग सगळी वाटच पालटते. मागे राहिलेलं यरुशलेम ही स्वर्गीय शांतीची नगरी. यरीहो हा चंद्र. वाढणारा, झिजणारा, आपल्या मर्त्यपणासारखा. सैतान आणि त्याच्या दूतांनी अमरत्व हिरावून नेलं. याजक आणि लेवी यांच्या रूपानं जुना करार जवळून गेला, पण त्याच्यानं जखम बरी झाली नाही. शोमरोनी हा स्वतः प्रभू. त्यानं तुम्हाला ज्या जनावरावर बसवलं, तो त्यानं धारण केलेला देह. उतारशाळा ही ख्रिस्ती मंडळी. ‘अर्धमेला’ या शब्दापाशी बिशप थांबतात: देवाला ओळखता येतं तेवढा माणूस जिवंत, पापानं पिचला तेवढा मेलेला. मला हे वाक्य सगळ्या विवेचनाचं काळीज वाटतं.

हा अर्थ एकट्या ऑगस्टिन यांचा नाही. तिसऱ्या शतकात पॅलेस्टाईनमधल्या कैसरियात धर्मपंडित ओरिगेन यांनी एका वडीलधाऱ्याच्या नावावर असाच अर्थ सांगितला होता. 1935 साली नव्या कराराचे अभ्यासक सी. एच. डॉड मात्र ऑगस्टिन यांचं हेच विवेचन पुढे ठेवून म्हणणार आहेत की दाखल्यांचा अर्थ असा लावू नये. त्यांचं म्हणणं सहज झटकता येत नाही. ‘माझा शेजारी कोण?’ या साध्या प्रश्नावर येशूनं ही गोष्ट सांगितली होती. तिच्यातल्या प्रत्येक वस्तूला गूढ अर्थ दिला, तर रस्त्यावरचा खराखुरा जखमी विसरला जाण्याची भीती आहेच.

पण आता तुम्ही धुळीत पडून ही गोष्ट ऐकता आहात. दया करणाऱ्याचा ताठा इथे उरत नाही. आपल्याला उचलणारा परका आहे, आणि त्याला नको म्हणण्याचंही त्राण अंगात नाही.

तुम्ही आणखी विचारता: उतारशाळेच्या मालकाला दिलेले दोन दिनार? प्रीतीच्या दोन आज्ञा, देवावरची आणि शेजाऱ्यावरची. मालक कोण? प्रेषित पौल. आणि मालकानं पदरचं जास्त काही खर्चलं, तर ते परतताना फेडीन, असं शोमरोनी म्हणाला, ते जास्तीचं कोणतं? याचं एक उत्तर असं, की सुवार्तेवर पोट भरण्याचा हक्क असूनही पौल स्वतःच्या हातांनी राबला. दुबळ्यांवर आपला भार पडू दिला नाही. तंबू शिवून पोट भरणारा हाच पौल एके काळी मंडळीचा छळ करत होता. त्यालाही कुणीतरी या उतारशाळेत उचलून आणलं होतं, आणि आता तो इतरांच्या जखमांसाठी तंबू शिवतो आहे.