ओआरएस पातळ का झालं?

आजच्या भागात ओआरएसची गोष्ट. मेडिकलमध्ये मिळणारं ते साधं पाकीट. त्याच्या शोधाबद्दल थोडंफार ऐकलं असेल. पण मला जास्त भारी वाटतं ते हे, की पुढे ते मुद्दाम पातळ करावं लागलं.

आधी १९७१ मध्ये जाऊ. बांगलादेश मुक्तियुद्धामुळे लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण करवलं. ड्रममधून घेऊन नातेवाईकच ते रुग्णांना पाजायचे. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

हे चाललं कसं? आतड्याच्या अस्तरात एक दार आहे समजा. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले की ते उघडतं, आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात शिरतं. कॉलऱ्यातही हे दार शाबूत राहतं.

मग साखर वाढवली तर फायदाही वाढेल? उलटंच होतं. दारातून एका वेळी ठरावीकच ग्लुकोज जातं. उरलेलं आतड्यात साचतं, तिथलं द्रावण रक्तापेक्षा दाट होतं आणि पाणी दाट बाजूकडे ओढलं जातं. म्हणजे अंगातलंच पाणी आतड्यात! जुलाब आणखी वाढतात.

१९७५ पासून जगभर वापरलेल्या ओआरएसची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, ३११ होती. रक्ताची साधारण २९०. बऱ्याच चाचण्यांनंतर २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ती २४५ वर आणली. चाचण्यांमध्ये मुलांचे जुलाब सुमारे २० टक्क्यांनी आणि उलट्या ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. सलाइन लावायची वेळही बरीच कमी वेळा आली.

म्हणून सांगतो, लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवून 'स्ट्राँग' करू नका. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी, मोजून. कोल्ड्रिंक आणि गोड ज्यूस म्हणजे ओआरएस नव्हे. बाळ मलूल झालं किंवा लघवी होईना, तर थेट डॉक्टरांकडे.

महालनबीस २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्यांनी पाजलेलं पाणी साधंच होतं, पण त्यातला प्रत्येक ग्रॅम मोजलेला होता. घरी तेवढं मोजमाप आपणही पाळू या. भेटू पुढच्या भागात!