संतपटांचे धनी कोण?

हैदराबादचा सुलतान बाजार १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार या नावाने ओळखला जाई. भोवताली निझामाचे राज्य, परंतु बाजारात अंमल इंग्रज रेसिडेंटाचा, अशी तेथली विलक्षण स्थिती होती. आपण कोणाला जाब देणे लागतो, हा प्रश्न तेथल्या रहिवाशाला सहजच पडत असेल. चित्रपटाच्या व्यवसायात हाच प्रश्न फार लवकर उभा राहिला, आणि तोही याच शहरात. धीरेंद्रनाथ गांगुली या बंगाली कलावंताने १९२२ मध्ये निझामाच्या आश्रयाने येथे लोटस फिल्म कंपनी काढली. १९२४ मध्ये त्यांनी 'रझिया बेगम' हे चित्र दाखविले. ते त्यांनी स्वतः काढलेले नव्हते. पण त्यातील हिंदू-मुसलमान प्रेमकथा दरबाराला रुचली नाही आणि गांगुलींना राज्य सोडावे लागले. चित्र दुसऱ्याचे, शिक्षा मात्र दाखविणाऱ्याला! आश्रय एकाच धन्याचा असला म्हणजे जबाबदारीचा निवाडाही त्याच्याच मर्जीने होतो.

याच्या अगदी उलट व्यवस्था मराठी माणसांनी कोल्हापुरात उभी केली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम व केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी 'प्रभात'ची स्थापना केली. येथे धनी एक नव्हता. मालक होते तेच कामगारही होते. दामले ध्वनी आणि कारभार पाहत, फत्तेलाल कलायोजना, शांताराम दिग्दर्शन. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. त्याच वर्षीच्या 'सैरंध्री'त रंग आणण्याचा, त्यासाठी जर्मनीपर्यंत जाण्याचा प्रयत्न फसला. तरी कंपनी मोडली नाही. पुढल्याच वर्षी 'अमृतमंथन' पडद्यावर आले.

पुढे जी संतपटांची मालिका निघाली, ती सुलतान बाजारच्या मराठी माणसाला विशेष जवळची वाटावी. एकनाथांचे पैठण आणि ज्ञानदेवांच्या पूर्वजांचे आपेगाव ही दोन्ही निझामी मुलखातलीच गावे. एकनाथांवरील चित्राचे नाव प्रथम 'महात्मा' होते. सरकारी परीक्षकांनी हरकत घेतल्यामुळे १९३५ मध्ये ते 'धर्मात्मा' म्हणून बाहेर आले. दिग्दर्शक शांताराम, एकनाथ बालगंधर्व, आणि विषय अस्पृश्यांना जवळ करणाऱ्या संताचा. येथे सरकारपुढे मान तुकविणे भाग पडले, पण विषय सोडला नाही.

१९३६ चा 'संत तुकाराम' दामले-फत्तेलाल या जोडीने केला. एक ब्राह्मण, एक मुसलमान. विठ्ठलभक्तीच्या या चित्रात कोणाचा हात कोठे संपतो हे आम्हांला तरी सांगता येणार नाही. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. परंतु आमच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट निराळीच आहे. विष्णुपंत पागनिसांच्या मुखी असलेले बीजातून उगवणाऱ्या वृक्षाचे गीत तुकोबांचे नव्हे. ते शांताराम आठवले यांनी रचले. त्यात 'तुका म्हणे' ही मुद्राही नाही. तरी ते तुकोबांचेच समजून भाविकांनी भजनात घेतले, गाथेत शोधले! याच चित्रातला सालोमालो तुकोबांचे शब्द आपल्या नावावर खपवितो. येथे कवीचे शब्द तुकोबांच्या नावावर गेले. यात फसवणूक नाही, कारण गीतकाराचे नाव कोणी लपविले नव्हते. पण संताच्या तोंडी नवे शब्द घालणाऱ्याने ते त्या तोंडाला शोभतील अशाच तोलाचे लिहिले पाहिजेत. आठवल्यांनी ते ऋण पुरे फेडले. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी देवळात हे गीत म्हटले असेल. त्यांनी ते सोडण्याचे कारण आम्हांस दिसत नाही, मात्र कवीचे नाव सांगून म्हणावे.

'संत ज्ञानेश्वर' १९४० मध्ये व 'संत सखू' १९४१ मध्ये आले. तोवर भागीदारीचे सूत उसवू लागले होते. धायबर आधीच गेले होते. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर उभारले. व्यक्तींचे दोष मोजण्यात आम्हांस रस नाही. पण समान अधिकाराच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेले नसले, तर मतभेद मिटविण्यास घर सोडण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही, एवढे खरे. १९४४ चा 'रामशास्त्री' पाहावा. प्रत्यक्ष पेशव्याच्या चुलत्याला नारायणरावाच्या खुनाचा जाब विचारणाऱ्या न्यायाधीशाची ती कथा. आणि तिला राजा नेने, विश्राम बेडेकर व गजानन जागीरदार असे तीन दिग्दर्शकांचे हात लागावे लागले! चित्र उत्तम उतरले, हे त्या कारागिरांचे श्रेय. पण १९४५ मध्ये दामले वारले, आणि घरातला तोल सांभाळणारा माणूस गेला. त्यानंतर कंपनी आठ-एक वर्षेच टिकली. पुण्यातील त्या वास्तूत १९६० मध्ये सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू केली.