तारापूरच्या नळीतला गॅस

शहापूर-मुरबाडच्या श्रोत्यांना आधी एक आठवण. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत तारापूर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणजे १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं ते आपल्या जिल्ह्यात. एवढं मला शाळेपासून माहीत होतं. पण वापरून झालेल्या इंधनात नंतर काय तपासतात, ते हा भाग तयार करताना कळलं.

तारापूरच्या त्या जुन्या अणुभट्ट्यांत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या झिर्कालॉय या मिश्रधातूच्या लांब नळीत भरतात, सोबत हेलियम, आणि नळी सीलबंद. अणू फुटला की त्याच्या तुकड्यांत झेनॉन आणि क्रिप्टॉन हे गॅसही असतात. शंभर अणू फुटले तर गॅसचे साधारण पंचवीस-तीस. बरेचसे गोळीतच अडकून राहतात, गोळी फार तापली की बाहेर सुटतात. गोची इथेच आहे. हेलियम उष्णता पटकन बाहेर नेतो, झेनॉनला ते जमत नाही. मग गोळी आणखी तापते, आणखी गॅस सुटतो, नळीतला दाब वाढत जातो.

हा गॅस मोजायचा कसा? वापरलेल्या नळीजवळ उभं राहणंही जिवावर बेतेल. म्हणून ती ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हॉट सेलमध्ये नेतात. जाड काँक्रीटच्या भिंती, शिशाच्या काचेची खिडकी, आत यांत्रिक हात. हवा काढलेल्या बंद कप्प्यात नळीला भोक पाडायचं, गॅस ठरावीक मापाच्या टाकीत पसरू द्यायचा आणि दाब वाचायचा. हिशोब शाळेतल्या बॉइलच्या नियमाचाच! मग नमुन्यात झेनॉन किती, क्रिप्टॉन किती ते बघायचं. गॅस निघालाच नाही, तर नळी आधीच गळलेली.

सुरुवातीच्या वर्षांत तारापूरच्या काही नळ्या खरंच गळल्या. त्यात इंधन अमेरिकेच्या भरवशावर. १९७४ च्या पोखरणनंतर तो पुरवठा अडखळला, आणि १९८० च्या दशकात फ्रान्सने इंधन दिलं. नळी लवकर काढली तर मुश्किलीनं मिळालेलं इंधन वाया, उशिरा काढली तर गळतीची भीती. अशा वेळी नळीची तब्येत आपली आपल्याला कळणं किती मोलाचं असेल, विचार करा.

अणुशक्ती म्हटलं की पोखरण सगळ्यांना आठवतं. त्या खिडकीमागे बसून दाब वाचणारी माणसंही लक्षात ठेवूया. तुमच्या घरातलं कुणी तारापूरला कामाला होतं का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!