घरगुती हवामान केंद्र (नांदेड–लातूर परिसर)

पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा आणि हवेचा दाब घरच्या घरी मोजण्याचा संच. मराठवाड्याच्या या दोन जिल्ह्यांत पैसे मोजकेच असतील, तर ते आधी पर्जन्यमापकावर खर्च करावेत. इथला पाऊस तुकड्यातुकड्याने पडतो. एका शिवारात ओढा वाहतो आणि शेजारच्या शिवारात नुसता शिडकावा होतो.

सरकारी नोंद महसूल मंडळाची असते. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभारली. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की महसुली भाषेत ती अतिवृष्टी होते, आणि त्यासाठी आकडा मंडळाचाच धरतात. घरच्या नोंदीवर नुकसानभरपाई मिळत नाही. पण पेरणी स्वतःच्या रानात करायची असते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असे कृषी विभाग सांगतो. ही बेरीज आपल्या बांधावरच्या मापानेच धरावी. पुढे वाफसा आणि फवारणी यांनाही या रोजच्या नोंदींची वही उपयोगी पडते.

साधा पर्जन्यमापक म्हणजे नरसाळे, साठवण भांडे आणि मोजपात्र. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० मिलिलिटर पाणी. २०० असेल तर २०. मोजपात्र फुटल्यावर दुसऱ्या मापाचे पात्र लावले की सगळी नोंद दुप्पट किंवा निम्मी होते, म्हणून क्षेत्रफळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. सरळ उभ्या भिंतींचे सपाट बुडाचे भांडे आणि पट्टी यांवरही काम भागते. भारतीय हवामानशास्त्र विभागाप्रमाणे रोज सकाळी ८.३० लाच वाचन घ्यावे, नाहीतर मंडळाच्या आकड्याशी तुलना जुळत नाही.

हेक्टरभर रानावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. दुष्काळात, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाणीरेल्वेने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. ५० हेक्टरांवर पडलेल्या एक मिलिमीटर पावसाएवढे.

बिनतारी स्वयंचलित संचात नरसाळ्याखाली दोन चिमुकल्या वाट्या झोपाळ्यासारख्या हलतात आणि प्रत्येक कलंडणे मोजले जाते. धोधो पावसात त्या मागे पडतात आणि आकडा कमी भरतो. त्याहून मोठी अडचण धुळीची. उन्हाळभर काळ्या मातीची धूळ आणि लिंबाचा पाला नरसाळ्यात साचतो. पहिल्या वळवाने त्याचा चिखल होतो, भोक बुजते आणि पडद्यावर शून्य दिसत राहते. मृगाआधी नरसाळे उघडून धुवावे, आणि शेजारी साधा मापक ठेवून दोन्हींचे आकडे ताडून पाहावेत. परदेशी संच घेताना त्याची रेडिओ वारंवारता पाहावी: भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे, अमेरिकेतले ९१५ मेगाहर्ट्झचे संच त्यात बसत नाहीत.

जागा चुकली तर महागडा संचही चुकीचेच सांगतो. पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर असावे. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर तो रोवावा. गच्चीवर वाऱ्याने थेंब उडून जातात. तापमापी पांढऱ्या झरोकेदार आवरणात हवी. पत्र्यालगत लावली तर ती मे महिन्यात पत्र्याचे तापमान दाखवते.

फिरत्या घरासाठी, म्हणजे कॅरॅव्हॅनसाठी, वेगळा विचार करावा लागतो. अशा गाडीत दाबमापीच अधिक फसवते. नांदेड गोदावरीकाठी आहे, लातूर बालाघाटच्या पठारावर. दोनशे मीटरहून अधिक चढ चढताना हवेचा दाब वीस हेक्टोपास्कलहून जास्त उतरतो आणि स्वस्त यंत्र त्यालाच वादळाची चाहूल समजते. म्हणून उंची हाताने भरता येईल असाच संच घ्यावा आणि मुक्कामी पोचल्यावर ती बदलावी. वारा गाडी थांबल्यावर, गाडीच्या आडोशाबाहेर मोजावा. मुक्काम हलला की भांडे रिकामे करून नोंदीपुढे गावाचे नाव लिहावे. माहूरचा पाऊस उदगीरच्या बेरजेत धरता येत नाही.